कूलर कोणी उघडला

मला काहीतरी झालंय हे माझ्याआधी बायकोच्या लक्षात आलं. ती म्हणायची, "तुम्ही आजकाल लय सावकाश झाले." मला ते पटत नव्हतं. शर्टाची बटणं मी पूर्वीइतक्याच वेळात लावत होतो, चहाही तसाच पीत होतो. उलट हिलाच सगळ्यात घाई झालीय असं मला वाटायचं.

"काहून बसून राहिले? केव्हाची आवाज देऊन राहिली मी."

"आत्ताच तर दिला तू."

"आत्ताच? दोन पोळ्या झाल्या माझ्या तेवढ्यात."

मला हे झोंबायचं. माझी सगळी नोकरी औष्णिक वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली. पंप सुरू केल्यावर दाब केव्हा चढेल, काटा केव्हा हलायला लागेल हे तिथं अंगात मुरलेलं असतं. घड्याळाकडे न बघता वेळ सांगणारा माणूस म्हणून मी ओळखला जायचो. अशा माणसाला बायकोनं सावकाश म्हणावं, याचा राग येऊन मी मुद्दाम भराभर चालून दाखवायचो. निदान मला तरी ते भराभर वाटायचं.

मग एका सकाळी घराजवळचा रस्ता ओलांडताना बस अंगावर आली. ती येताना मी नीट पाहिली होती. पलीकडे सहज पोचू, असा हिशेब करूनच पाऊल टाकलं होतं. ब्रेकचा आवाज झाला तेव्हा मी पलीकडच्या फुटपाथवर असायला हवं होतं, आणि मी रस्त्याच्या अगदी मध्यावर उभा होतो. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "काका, फिरायला निघाले का?" घरी येऊन मी बायकोला काही सांगितलं नाही. पण दिवसभर घरात येरझारा घालत राहिलो. मी चालत होतो तो वेळ गेला कुठे, हे मला समजत नव्हतं.

शेवटी ती मला रामदासपेठेत मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली. मग म्हणाल्या, "डोळे मिटा. आकडे न मोजता, मिनिट झालं असं वाटलं की हात वर करा." हे तर माझं कामच होतं. मी आरामात हात वर केला आणि डोळे उघडले. बायको खाली मान घालून पदराशी चाळा करत होती. डॉक्टरांनी मोबाईलवरचं घड्याळ माझ्यापुढे धरलं. मिनिट केव्हाच सरून गेलं होतं.

"पार्किन्सन आहे," त्या म्हणाल्या. "मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन असतं, ते तुमच्यात कमी पडतंय. त्यानं हालचाल मंदावते. बऱ्याच जणांचा वेळेचा अंदाजही चुकतो. तुमच्या आतलं घड्याळच हळू चालतंय, म्हणून तुम्हाला तुम्ही हळू वाटत नाही."

गोळ्या सुरू झाल्या आणि मी पुन्हा माणसांत आलो. हाकेला लगेच ओ जाऊ लागली. पुढे डॉक्टरांनी आणखी एक गोळी जोडली, मग ती हळूहळू वाढवली. त्या उन्हाळ्यात मला एका जागी बसवेना. अंगात सारखं काहीतरी चाललेलं असायचं, हातांना काम हवं असायचं. मिक्सरचा आवाज मला बरोबर वाटेना, म्हणून मी तो उघडला. मग इस्त्री उघडली, तिची वायर आतून सैल असेल म्हणून. मग दारावरची बेल. वर्तमानपत्र पसरून त्यावर स्क्रू, वॉशर, स्प्रिंगा आकारानं लावून ठेवायचो, परत मोडायचो, परत लावायचो. त्यात फार आनंद होता असंही नाही. पण कोणी थांबवलं तर अंगात मुंग्या सुटायच्या. जेवण थंड होऊन जायचं.

मे महिन्यातल्या एका दुपारी बायको बँकेतून घरी आली. नागपूरचं ते ऊन, चेहरा लाल झालेला. आणि खोलीच्या मधोमध कूलर उघडा पडला होता. वाळ्याच्या ताट्या भिंतीला टेकवलेल्या, पंपाचे तुकडे कागदावर, मोटर माझ्या मांडीवर.

"चालता कूलर काहून उघडला?" तिनं विचारलं.

"पंप पाणी कमी ओढून राहिला होता. आज ना उद्या बंदच पडला असता. ऐन उन्हात मेकॅनिक मिळत नाही, म्हणून मी ठरवलं की आत्ताच करून टाकावं."

माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत ती थांबली. मग पलंगावर बसून पदरानं वारा घेत म्हणाली, "बेल पण चालतच होती. इस्त्री पण. प्रत्येक वेळी तुम्ही बराबर कारण सांगता. पण मले तुमची भीती वाटून राहिली आता."

भांडली असती तर मी भांडलो असतो. ती भांडली नाही. मी खाली मान घालून मोटर परत बसवायला लागलो, आणि तेवढ्यात लक्षात आलं की बसवता बसवता मी तिचं झाकण पुन्हा उघडतोय.

पुढच्या वेळी डॉक्टरांना हे सगळं तिनंच सांगितलं. मी बाजूला ताठ बसून होतो. डॉक्टरांना नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "नव्या गोळीनं काही जणांना असं होतं. कोणी खरेदी करत सुटतं, कोणी पत्ते खेळत बसतं, कोणी वस्तू उघडतं. पेशंट स्वतःहून सांगत नाही, कारण त्याला वाटतं हे आपणच ठरवलंय."

"पण माझी कारणं खरी होती," मी म्हणालो.

"असतीलही. फक्त ओढ आधी आली आणि कारणं मागून आली."

"मग ठरवलं कोणी? गोळीनं?"

त्या म्हणाल्या, "निरोगी माणसातही हात हलायची तयारी मेंदूत आधी सुरू होते आणि 'मी ठरवलं' ही जाणीव थोडी उशिरा येते, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. सगळ्यांना ते मान्य नाही. मी तुम्हाला एवढंच सांगू शकते की गोळी कमी करू या."

गोळी कमी झाली. काही आठवड्यांत ती ओढ नळ बंद करावा तशी थांबली. कागदावरच्या त्या स्क्रूंकडे पाहिलं की कोणा दुसऱ्याचा पसारा आपल्या घरात पडलाय असं वाटायचं. मला बरं वाटायला हवं होतं. मी मात्र जास्तच बेचैन झालो.

नोकरीतली एक पाळी मला सारखी आठवू लागली. भट्टीतली ज्योत एकाएकी डळमळली होती, आतला दाब वरखाली व्हायला लागला होता. डेस्कवर मी होतो. युनिट बंद करायची दोन बटणं एकदम दाबावी लागतात, ती मी दाबली. मोठं नुकसान टळलं. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, म्हणाले, निर्णय घ्यावा तर असा. चौकशीत मी सविस्तर सांगितलं, हा काटा पाहिला, तो दिवा पाहिला, मग ठरवलं. सगळे मुद्दे बरोबर होते. पण मला आत्ता आठवतं ते वेगळंच. मी खाली पाहिलं तेव्हा माझी बोटं आधीच बटणांवर होती, आणि सायरनचा आवाज लांबून कुठून तरी येत होता. तो एवढासा क्षण किती लांबला होता. त्या क्षणात ठरवणारा मी मला कुठेच सापडत नाही.

एका संध्याकाळी मी बायकोला विचारलं, "तुला पाहायला आलो होतो, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. ते मी विचार करून म्हटलं असेल का वं?"

ती शेंगा सोलत होती. "तेव्हा कोणती गोळी खात होते?"

"कोणतीच नाही."

"मग कायले डोकं खाता माझं?"

पण ती हसली नाही. सोलता सोलता म्हणाली, "मी पण लगेच हो म्हटलं होतं. कारणं मले नंतर सुचली. काही तर लय वर्षांनी सुचली."

गोळी कमी झाल्याची किंमत होतीच. सावकाशपणा परत आला. दाराच्या उंबऱ्यावर पाय चिकटायला लागले. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: गोळी तशीच कमी ठेवायची, किंवा थोडी वाढवायची आणि लक्ष ठेवायचं. निर्णय तुमचा, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं.

"थोडी वाढवा," ती डॉक्टरांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पण काही उघडायच्या आधी मले सांगायचं. मी नाही म्हटलं तर नाही."

मी मान हलवली. तेव्हापासून आमचं असंच चालू आहे. कधी स्क्रू काढायला पेचकस हातात घेतो आणि तिला हाक मारतो. ती स्वयंपाकघरातूनच विचारते, "चालू आहे का बंद आहे?" चालू आहे म्हटलं की पेचकस खाली ठेवावा लागतो. हात शिवशिवत राहतात, पण ठेवतो.

मागच्या हिवाळ्यात तिच्या भाच्याचं लग्न होतं, कन्हानला. हॉलच्या दारात माझे पाय जमिनीला चिकटले. मागे वरातीतली माणसं, आत रोषणाई, आणि मी उंबऱ्याशी खांबासारखा उभा. चाल, असं मी पायांना मनातल्या मनात सांगत होतो आणि पाय ऐकत नव्हते. बायकोनं माझं कोपर धरलं आणि मागच्यांना म्हणाली, "थांबा जरा. यांचा वेळ यांले घेऊ द्या."

तेवढ्यात मागे बँड वाजायला लागला. ढोलाच्या दुसऱ्या की तिसऱ्या ठोक्याला माझा उजवा पाय उचलला गेला, मग डावा. उंबरा मागे पडला. मी चालत होतो, ताठ, ठेक्यात, आणि माझ्या मनात अजून 'चाल, चाल' सुरूच होतं. पाय पुढे निघून गेले होते.

आत कोणी तरी खुर्ची दिली. बायकोनं माझा मफलर सारखा केला आणि विचारलं, "कसे आले हो एकदम?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं कारण विचारलं नाही. माझ्यासाठी ताट आणायला ती आत गेली.