ट्रकला चालायला शिकवणारी ताई

बोल्ट काढला की तो बशीत ठेवायची. कप चहासाठी, बशी बोल्टसाठी.

गिअरबॉक्स उघडण्याआधी रेडिओ बंद करायची. उगाच त्याचं लक्ष नको जायला, म्हणायची.

वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायची आणि पहिल्या पानापर्यंत कधीच पोचायची नाही.

रस्त्यानं बोलत जाताना एखादी बस गेली की थबकायची. "तिसरा गिअर नीट पडत नाहीये तिचा," म्हणायची आणि अडलेल्या शब्दापासून पुन्हा बोलायला लागायची.

आणि गाडी घेऊन आलेल्या माणसाला, तुझी गाडी काय काम करते, असं कधी विचारायची नाही. माणूस सांगतो ते त्याला आवडणारं काम, म्हणायची. केलेलं काम गाडीच सांगते.

हा नियम तिनं एकदाच मोडला. तोही सख्ख्या भावासाठी.

ताईला जाऊन आता वीस दिवस झाले. दुखणं नाही, खुपणं नाही. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. भावाला अजूनही सकाळी गॅरेजात शिरताना तिचा खोकला ऐकू येतो. मग आठवतं.

वनखात्याच्या गॅरेजात ताई तीस वर्षं गिअरबॉक्स दुरुस्त करत होती. भाऊ तिथलाच ड्रायव्हर. बावन्न वर्षांचा झाला तरी ती त्याला धाकट्या म्हणायची, म्हणून सगळं गॅरेज त्याला धाकट्याच म्हणायचं. त्याच्याकडे खात्याचा तो उंच चाकांचा ट्रक होता. वणवा लागला की त्यावर पाण्याची टाकी चढायची, कधी ओंडके, कधी खांब उचलायची क्रेन. रस्ता असला काय नि नसला काय, ट्रक जायचा.

पण धाकट्याचा डावा गुडघा गेला होता. क्लच दाबला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोनं मात्र ताईला सांगितलं, "हे जिना उलटे उतरतात हो. पाठ करून. विचारलं तर म्हणतात, व्यायाम आहे."

ताईनं साहेबांच्या मागे लागून ट्रकला क्लच नसलेला, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स मंजूर करून घेतला. साहेबांनी एक अट घातली. ट्रक सगळ्या कामांना नीट चालला तर ठीक. नाहीतर ट्रक दुसऱ्याकडे आणि धाकट्या फाटकावर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला.

गिअरबॉक्स आला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधला टॉर्क कन्व्हर्टर तेवढा निवडायचा होता. धाकट्यानं विचारलं, "म्हणजे काय असतं गं ते?"

"दोन पंखे समज, तेलात बुडालेले. एक इंजिन फिरवतं. तो तेल ढकलतो, त्या तेलानं दुसरा फिरतो आणि चाकं ओढतो. लोखंडाला लोखंड लागत नाही, म्हणून क्लच नको."

"मग निवडायचं काय त्यात?"

"एक ढिला मिळतो. इंजिन चांगलं ओरडल्याशिवाय तो जोर धरत नाही, पण धरला की चढाला जबरदस्त. दुसरा घट्ट. कमी आवाजातच गाडी पुढे रेटतो. तुझं काम काय असतं रे दिवसभर?"

विचारून बसली. भाऊ होता ना.

"डोंगर," धाकट्या म्हणाला. "सगळं डोंगरच. वणवा काय सपाटीला लागतो होय?"

कन्व्हर्टर विकणारा कॅटलॉगवाला आला, तोही हेच म्हणाला. "मॅडम, हा ढिलाच घ्या. गाडी भिंत चढेल, भिंत!"

"भिंतीपलीकडे काय ठेवलंय हो?" ताई म्हणाली. पण ढिल्याच्या नावापुढे तिनं पेन्सिलीनं खूण केली. शनिवारी मागणी पाठवायची होती.

शुक्रवारी तिनं ट्रकचा जुना क्लच उतरवला आणि धाकट्याला हाक मारली. प्लेट काळी पडली होती. ज्या चाकावर ती घासते त्यावर निळे डाग होते. शेजारी तिनं क्लच पेडलचं रबर काढून ठेवलं होतं. ते एकाच कडेला झिजून कागदासारखं झालं होतं.

"धाकट्या, डोंगर चढणाऱ्याची प्लेट अशी जळत नाही. ही अर्धवट दाबलेल्या क्लचवर तासन् तास तरंगून जळलीय. कुणाच्या मागे मागे फिरतोस?"

धाकट्या प्लेट उलटीपालटी करून बघायला लागला.

"अरे, बोल की. तोंडात बोल्ट धरलायस का?"

मग त्यानं सांगितलं. वर्षातले आठ महिने तो रोपांना पाणी घालतो. टेकडीच्या कच्च्या रस्त्यानं दोन बायका नळी धरून पुढे चालतात, रोपापाशी थांबतात, पुन्हा चालतात. मागून चार हजार लिटर पाणी घेऊन तो. माणसाच्या चालीनं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. वणवे गेल्या वर्षी दोनच लागले.

"आणि घरी वीस वर्षं जेवताना वणव्याच्या गोष्टी!"

"मग काय सांगू? आज दोन बायकांच्या मागे सरपटलो?"

ताई बराच वेळ ते रबर बोटांत फिरवत राहिली. तिला हसू आवरत नव्हतं आणि रागही येत होता. "गाढवा, गुडघा वणव्यानं नाही गेला तुझा. या सरपटण्यानं गेलाय. ढिला बसवला असता तर दिवसभर नुसतं तेल घुसळून उकळलं असतं. महिन्याभरात तू फाटकावर, आणि बसवणारी मी!"

"पण घट्ट घेतला तर चढ?"

"चढाला खालचा जादा गिअर आहे ना आधीच. तो चढेल. कन्व्हर्टरनं फक्त हळू चालायचं."

तिनं पेन्सिलीची खूण खोडली. तिला जमत नव्हतं ते एवढंच, नीट खोडणं. कागद फाटला.

महिन्याभरानं चाचणी झाली. टाकी काठोकाठ भरलेली. साहेब धाकट्याशेजारी बसले. कन्व्हर्टरचं तेल किती तापतंय ते दाखवणारा काटा त्यांच्या समोर होता. नळीवाल्या दोघींना ताईनं त्या दिवशी बाजूला बसवलं आणि स्वतः ट्रकपुढे उभी राहिली. हात पाठीमागे बांधून टेकडीच्या रस्त्यानं चालायला लागली. एकदाही वळून पाहिलं नाही.

धाकट्यानं समोर पाहिलं. पुढे त्याची बहीण होती आणि पायाखाली क्लच नव्हता. त्यानं ब्रेक अलगद सोडला. ट्रक निघाला. गाय खुंट्याकडे येते तसा, आपण होऊन. ती थांबली की तो ब्रेकवर पाय ठेवी, ती चालली की उचली. एवढंच. इंजिन कुजबुजत होतं. तासभर असं चाललं. काटा मधल्या खुणेच्या अलीकडेच राहिला.

शेवटी खडा चढ घेतला. खालचा गिअर टाकला. ट्रक वर गेला.

"हळूच चढला जरा," साहेब म्हणाले.

"पोचला ना, साहेब?" धाकट्यानं विचारलं.

साहेबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. "पोचला," म्हणाले, आणि बॉनेटवर कागद ठेवून सही केली. ट्रक धाकट्याकडेच राहिला.

त्या संध्याकाळी धाकट्या घरी जिना सरळ उतरला. बायको बघत राहिली. जेवताना त्यानं पहिल्यांदाच रोपांची गोष्ट सांगितली. कोणत्या वळणावर कोणतं झाड किती वाढलंय ते. त्याला सगळी पाठ होती. ताईनं वाढून घेता घेता विचारलं, "आणि वणवा?" सगळे हसले. तोही हसला.

आठवड्याभरानं तो तिच्याकडे तक्रार घेऊन गेला. "ताई, डाव्या पायाला क्लच गेल्याचा पत्ताच नाही. ट्रक थांबला की आपोआप उचलला जातो आणि हवेत आपटतो. त्या दोघी म्हणतात, भाऊ, झुरळं मारताय का?"

ताई इतकी हसली की तिला पाणी आणून द्यावं लागलं. मग तिनं त्याला खुर्चीवर बसवलं, गुडघ्यापासून टाचेपर्यंत दोरीनं माप घेतलं. पाय टेकवायला एक तिरपी पट्टी करते म्हणाली. जाड पत्रा कापला, वाकवला, त्यावर रबर चिकटवलं. कडा घासायला घेतल्या, आणि दुपार झाली म्हणून जेवायला गेली.

पट्टी अजून तिच्या टेबलावर, शिकंज्यात धरलेली आहे. एक कड गुळगुळीत आहे, दुसरी हाताला लागते. केबिनच्या तळाला पट्टी बसवायला दोन भोकं हवीत. एक पाडून झालंय. दुसऱ्याच्या जागी खडूची फुली आहे.