सिसिलियन बचाव, धुळे ते जळगाव

मुलांना जळगावच्या बुद्धिबळ स्पर्धेला नेणाऱ्या पालकांनी धुळ्याहून पहाटे निघावं. पारोळ्यापर्यंत रस्ता मोकळा मिळतो. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीकडून, ओवीकडून, सिसिलियन बचाव घोकून घ्यायला मला तो अपुरा वाटला. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं हलवलं की काळ्यानं करायची ही सुरुवात मी आठवडाभर व्हिडिओ पाहून शिकलो होतो, त्यामुळे अधिकारवाणीनं बोलत होतो. ओवी खिडकीतून केळीच्या बागा बघत होती.

दुपारपर्यंत ती छान जिंकली. शेवटच्या फेरीत बरोबरी झाली तरी राज्य स्पर्धेसाठी निवड पक्की होती. "समोरचीनं बरोबरी मागितली की लगेच हो म्हण," मी दारात बजावलं. पालकांना आत मज्जाव होता.

समोरची मुलगी धरणगावची. तिचे आजोबा बाहेर बाकावर शेंगदाणे खात बसले होते. मी विचारलं, "आबा, तुमची नात सुरुवात कशी करते?"

"मले काय समजस, भाऊ? तिले जे सुचस ते खेळस," ते म्हणाले आणि मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले.

मला बसवेना. मेहरूण तलावाला चक्कर मारून आलो. तलाव सुंदर आहे म्हणतात. मला पाण्यातही पट दिसत होता.

ओवी बाहेर आली तीच सांगत, "हरले. तिनं पहिल्याच खेळीला कडेचं प्यादं ढकललं, बाबा. तुमचं सिसिलियन राहिलंच."

"बरोबरी मागितली नाही तिनं?"

"मागितली. मी नाही म्हटलं. माझा डाव चांगला होता."

परतीच्या वाटेवर एरंडोलजवळच्या ढाब्यावर शेवभाजी झणझणीत मिळते. लहानांसाठी ताक आधीच मागवा. मी रुसून भाकरी कुस्करत राहिलो. ओवीनं दुसऱ्यांदा रस्सा मागितला.

घरी आल्यावर ओवीच्या आईनं विचारलं, "कसा झाला डाव?" ओवीनं पट मांडला. सबंध प्रवासात हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. मीही समोर बसलो. ती दोन्हीकडच्या खेळी करत गेली. तिचा घोडा पार आत घुसला होता, पांढऱ्याचा वजीर कोपऱ्यात अडकला होता.

"इथं तिनं बरोबरी मागितली," ती म्हणाली.

मी पांढऱ्याच्या वजिराला वाट शोधून पाहिली; एकही नव्हती. "मी घेतली असती," शेवटी म्हणालो.

"माहीत आहे," ओवी म्हणाली आणि पुढची खेळी दाखवायला लागली.