विष्णूचं साना

"सानामध्ये संध्याकाळ आधी माणसाच्या सदऱ्यावर उतरते, मग रस्त्यावर," असं विष्णू खांबेटे एकदा म्हणाला, आणि ते वाक्य दत्तात्रयच्या घरात कायमचं राहायला आलं.

बाहेर जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनचा नोव्हेंबर होता. चार वाजताच दिवे लागलेले. दत्तात्रयची बायको वसुधा हातात डाव धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आणि मागे आमटी उतू गेली तरी तिला कळलं नाही. विष्णू सांगत होता. येमेनमधलं डोंगरावरचं शहर, इतकं उंच की जिना चढताना नव्या माणसाला धाप लागते. घरं विटांची, पाच-सहा मजली, खिडक्यांभोवती पांढरी नक्षी. सगळ्यात वरच्या खोलीत पुरुष दुपारभर बसतात. खिडकीवरच्या अर्धगोलात रंगीत काचा असतात. उन्हं कलली की तांबडा, हिरवा उजेड आधी अंगावर येतो.

"मी पांढरा सदरा घातला होता," विष्णू म्हणाला. "मग तो माझा राहिला नाही."

दत्तात्रयची मुलगी शमिका तेव्हा आठ वर्षांची होती. "नोख माल, विष्णूकाका," ती म्हणाली. पुन्हा एकदा सांग. बापाच्या गोष्टीला तिने असं कधी म्हटलं नव्हतं.

विष्णू मूळचा इचलकरंजीचा. बाप सूतगिरणीत. डिप्लोमा करून तो पुण्याच्या एका कंपनीत लागला, आणि पाकिटं भरणारं यंत्र बसवायला कंपनीने त्याला सानाच्या बिस्किटांच्या कारखान्यात धाडलं. युद्धाच्या बऱ्याच आधीची गोष्ट. यंत्राचा एक भाग बंदरात अडकला आणि तीन आठवड्यांचं काम दोन महिने लांबलं. हॉटेलात एकट्याने जेवणारा हा हिंदुस्थानी पोरगा बघून कारखान्याचा भांडारपाल अब्दुलकरीम त्याला सरळ आपल्या घरी, जुन्या शहरात राहायला घेऊन गेला. बस, एवढंच. पुढे विष्णू जर्मनीला आला, गिअरबॉक्सच्या चाचण्या घेऊ लागला, दत्तात्रयच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागला. लग्न झालं नाही. का, ते कोणी विचारलं नाही. केरवोखं, म्हणजे जिना झाडायचा आठवडा, आपला असो वा नसो, तो झाडायचा. तळमजल्याच्या फ्राऊ हेफेले कौतुक करायच्या, "हेर खांबेटेंसारखा जिना कोणी झाडत नाही." हे त्या नेमकं दत्तात्रयला सांगायच्या.

दत्तात्रय काही घरकोंबडा नव्हता. पेट्रा, कैरो, माराकेश, मस्कत, सगळं सहकुटुंब पाहून झालेलं. हजारो फोटो. जेवणं आटोपली की तो ते टीव्हीवर लावायचा, आणि पाहुण्यांना एकाएकी शेवटच्या गाडीची आठवण व्हायची. विष्णूकडे एकही फोटो नव्हता. "कॅमेरा नव्हता नेला," तो म्हणायचा, आणि तरी लोक त्याच्याकडे सरकून बसायचे.

हेवा दत्तात्रयला परका नव्हता. बढतीचा, गाडीचा, दुसऱ्याच्या मुलाच्या गुणांचा हेवा त्याने केला होता आणि पचवलाही होता. हा पचेना. हा रोज संध्याकाळी, छतावर विष्णूची पावलं वाजली की, त्याच्या छातीत उठून बसायचा. विष्णूकडे एक शहर होतं. दत्तात्रयकडे तिकिटं होती.

"रिटायर झालो की परत जाणार," विष्णू म्हणायचा. "अब्दुलकरीम म्हणालाय, वरची खोली तुझीच."

"अरे, युद्ध चालू आहे तिथे. त्याचा फोन तरी लागतो का?"

"लागत नाही. लाइनी तुटल्या असतील. युद्ध काय, संपेल की."

एकदा विष्णूने तिथल्या जेवणाचं वर्णन केलं. दगडी भांड्यात रटरटणारं मटण, आणि वर मेथीचा पांढरा फेस. वसुधाने हौसेने घाट घातला. मेथी लाडवांना भाजतात तशी खमंग भाजली, दळली, पाणी घालून घोटघोट घोटली. फेस कसला, तपकिरी चिखल झाला, कडूजहर. विष्णूने ताट चाटूनपुसून संपवलं. "जवळपास आलंय, वहिनी," तो म्हणाला.

दत्तात्रय त्या रात्री पलंगावर उठून बसला. "मेथीचा कधी फेस होतो का गं?"

"मला नाही जमला. म्हणून होत नाही असं थोडंच आहे?"

"तू तीस वर्षं मेथी भाजतेस. तुला नाही जमला, मग कोणाला जमणार? हा माणूस त्या शहरात गेलेलाच नाही. विमानतळ आणि कारखाना, एवढंच पाहिलंय त्याने."

"अहो, झोपा," वसुधा म्हणाली. "तुम्हाला कडू लागलंय ते मेथीमुळे नाही."

पण सुतळीचं टोक हाती लागलं होतं. ते ओढायला माणूसही मिळाला, तोही स्वतः तोंड वासून पडलेला असताना. दाढ दुखली म्हणून दत्तात्रय गावातल्या नव्या दंतवैद्याकडे गेला. नबील त्याचं नाव. गप्पांत तो म्हणाला, मी सानाचा. तोंडात कापूस असल्यामुळे दत्तात्रयला आनंद गिळावा लागला. कापूस निघताच त्याने डॉक्टरला रविवारी जेवायचं आमंत्रण दिलं. विष्णूला काहीच सांगितलं नाही. वसुधासमोर, आता पंधरा वर्षांच्या झालेल्या शमिकासमोर हे घडायला हवं होतं.

रविवारी नबील फुलं घेऊन आला. विष्णू वरून खाली आला, आणि ओळख करून देताच त्याचा चेहरा असा उजळला की दत्तात्रयला क्षणभर स्वतःची किळस आली. क्षणभरच.

बोलणं जर्मनमध्ये चाललं होतं. दत्तात्रयने भाताचं वाढणंसुद्धा संपू दिलं नाही.

"डॉक्टर, हा म्हणतो तुमच्याकडे मेथीचा फेस करतात. आमच्या हिने केला, झाला नाही."

"भाजली होती का?" नबीलने वसुधाला विचारलं.

"भाजली. आमच्यात भाजूनच घेतात."

नबील हसला. "तिथेच चुकलं. कच्चीच दळायची, भिजवायची, वरचं कडू पाणी ओतून टाकायचं आणि मग हात भरून येईपर्यंत फेटायची. माझी आई रोज करायची. ढग होतो त्याचा."

"गेनाऊ," विष्णू म्हणाला. अगदी बरोबर. "ढग."

वसुधाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पापडाकडे. आता थांबायला हवं होतं. पण नबील आपलं ताट विसरून विष्णूकडे सरकून बसला होता, जसे सगळे बसायचे तसा. सानाचा माणूससुद्धा विष्णूकडून साना ऐकत होता. दत्तात्रयच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"कुठल्या घरी राहायचात?" नबीलने विचारलं.

"अब्दुलकरीमच्या. बिस्किटांच्या कारखान्यात भांडारपाल होता. मशिदीच्या भाजीमळ्यामागची गल्ली. खाली बकऱ्या, दाराला निळा रंग. तीन भावांचं घर."

नबीलने पाण्याचा ग्लास उचलला, न पिता ठेवला. "भात छान झालाय," तो वसुधाला म्हणाला.

दत्तात्रयला त्यात नेमकं हवं ते दिसलं. डॉक्टर संकोचला, म्हणजे असं घरच नाही.

"सांगा ना डॉक्टर. आहे का तिथे असं घर?"

"जेवून घेऊ या."

"नाही, नाही. विष्णू सात वर्षं सांगतोय आम्हाला. एकदा कळू दे. आहे की नाही?"

"पापा," शमिका म्हणाली. "लास एस." राहू दे.

"आहे की नाही, एवढंच."

नबीलने दत्तात्रयकडे पाहिलं नाही. तो विष्णूशी बोलला, हळू, पेशंटला सुई टोचण्याआधी बोलावं तसं.

"होतं. माझी मावशी त्याच गल्लीत राहायची. निळं दार मला आठवतं, बकऱ्याही. युद्धाच्या पहिल्याच वर्षी त्यावर बॉम्ब पडला. आता तिथे काही नाही. मोकळी जागा आहे."

पुढचंही नबीलने सांगितलं, कारण अर्धवट सोडणं त्याहून वाईट झालं असतं. "सगळे घरातच होते."

विष्णूचा चेहरा पांढरा पडला. वसुधाने डोळ्यांना पदर लावला. शमिका उठून विष्णूच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, खांद्याला हात लावावा की नाही हे न कळून. दत्तात्रय आपल्या टेबलाच्या टोकाला बसून हे पाहत होता. माफी मागावी असं त्याला वाटलं, खरंच वाटलं, पण त्याच्या आधी दुसरंच काही घशाशी आलं होतं. इतके देश हिंडून, ज्याच्यासाठी असं पांढरं पडावं असं एकही घर त्याला कुठे सापडलं नव्हतं. विष्णूला तेही मिळालं होतं. त्याला त्या पांढऱ्या चेहऱ्याचासुद्धा हेवा वाटला, आणि तो वाटतोय हे टेबलावरच्या प्रत्येकाला दिसतंय असं वाटून त्याने मान खाली घातली.

विष्णू उठला. त्याने खुर्ची आत सरकवली, नबीलपुढे येऊन त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला. दत्तात्रयच्या बाजूने जाताना तो थांबला नाही. दार उघडलं, चपला पायात सरकवल्या, आणि तो निघाला. पावलं वर त्याच्या घराकडे गेली नाहीत. जिन्याने खाली, बाहेरच्या दाराकडे उतरत गेली.