आमची सुनावणी झाली

मंडळी, आज सकाळी आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

कंपनीचं दिवाळं निघालंय हे माहीतच होतं. पण मेलमध्ये लिहिलं होतं, दहाला कॉल, प्रश्नांसाठी वेळ ठेवलाय. मी भाबडी! पुण्याला आईला फोन करून सांगितलं, "आज आमची सुनावणी आहे."

इथे अमेरिकेत, श्रूजबरीच्या ऑफिसात फोनभोवती आम्ही अकरा जण बसलो. आमच्यातले सगळ्यात सीनियर नाईककाका आपलं म्हणणं कागदावर लिहून घेऊन आले होते. नोकरी गेली की व्हिसा गेला. मुलीचं हायस्कूल तीन महिन्यांत संपतंय, तेवढे दिवस कामावर ठेवा. बस, एवढंच.

पलीकडून कंपनीच्या वकीलबाईंनी पत्र वाचलं. आजचा दिवस शेवटचा. मग म्हणाल्या, "एनी क्वेश्चन्स?"

काका चक्क उभे राहिले. फोनसमोर! सगळं वाचलं, शेवटी थँक यू म्हणाले.

"नो क्वेश्चन्स? ग्रेट." फोन कट.

काका उभेच. मला म्हणाले, "अगं, माझे उच्चार कळले नसतील का त्यांना?"

नंतर मी मेल परत वाचली. तळाला बारीक अक्षरात होतं, सगळ्या लाइन्स फक्त ऐकण्यासाठी. म्हणजे आमचा आवाज तिकडे जातच नव्हता.

यार, मराठीत शिक्षासुद्धा 'सुनावतात'. त्या शब्दात ऐकून घेणं कधी नव्हतंच, मलाच आज कळलं.

काकांना अजून काही बोलले नाहीये. तुमचे उच्चार ठीक होते, तिकडे कुणी ऐकतच नव्हतं, असं सांगितलं तर त्यांना बरं वाटेल, की जास्त वाईट?