ब्रेकबाई वेगाची गाडी घेतात

गाडी शिकवणाऱ्या माणसाला गाडी चालवायला मिळते, हा लोकांचा गोड गैरसमज आहे. ब्रेकबाईंचं उभं आयुष्य शेजारच्या सीटवर गेलं होतं. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पांढऱ्या, थकलेल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक बसवलेला होता आणि बाईंचा पाय त्यावर उन्हातल्या मांजरासारखा पसरलेला असे. निवांत दिसायचा, पण झोपलेला कधीच नसायचा. समोर कुणी आडवं आलं की शिकणाऱ्याचं कपाळ काचेकडे धावायचं. बाईंच्या हातातल्या चहावर मात्र तरंगही उठायचा नाही. ब्रेकबाई हे नाव कुठल्या नापास विद्यार्थ्याने पाडलं कोण जाणे. कानावर आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "नशीब, हॉर्नबाई म्हणाले नाहीत."

तर अशा या बाईंना वेगाची गाडी हवी होती. साधीसुधी नव्हे. विजेवर चालणारी, जमिनीला चिकटून बसलेली, पाय ठेवला न ठेवला तोच पाठ सीटमध्ये रुतवणारी.

हे खूळ शिरलं एका सिग्नलला. स्कूलच्या गाडीशेजारी एक गडद निळी गाडी येऊन उभी राहिली. दिवा हिरवा झाला. शिकणाऱ्याने नेहमीप्रमाणे क्लच सोडून गाडी बंद पाडली. बाईंनी शेजारी पाहिलं, तर निळी गाडी नव्हतीच. आवाज नाही, धूर नाही, जाताना मारायचा रुबाबसुद्धा नाही. होती, आणि नव्हती. मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला तरी बाई ओरडायचं विसरल्या. शेवटी शिकणाऱ्यानेच घाबरून विचारलं, "मॅडम, माझं काही चुकलं का?"

त्या दिवसापासून बाई घरात त्या गाडीबद्दल बोलू लागल्या, आणि घराने त्यांना जावयाच्या स्वाधीन केलं.

जावई कुठल्याशा ऑफिसात संगणकासमोर बसायचा. विजेच्या गाड्यांमधलं त्याला सगळं कळायचं, फक्त घ्यायची कधी तेवढं सोडून. पहिल्या वर्षी तो म्हणाला, "आई, थांबा. चार्जिंगला फार वेळ लागतो." पुढच्या वर्षी म्हणाला, "थांबा. बॅटरी बदलतेय." त्याच्या पुढच्या वर्षी आतला प्रोग्राम बदलणार होता. मग सीट बदलणार होत्या. "आत्ता घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा," असं तो दर खेपेला अशा काही गंभीरपणे सांगायचा, की कंपन्या नवं मॉडेल काढण्याआधी यालाच फोन करत असाव्यात. स्वतः तो बसने फिरायचा.

बाई थांबत राहिल्या. थांबणं हा त्यांचा धंदाच होता. चौकातल्या वर्तुळाकार रस्त्याशी शिकणाऱ्याला घेऊन उभं राहायचं आणि पुटपुटत राहायचं, "थांब... अजून नाही... थांब म्हटलं ना... हां, आता घाल!" दोन ट्रकांच्या मधली फट त्यांना आधीच दिसायची. दोन मॉडेलांच्या मधली मात्र कधी दिसली नाही. एक जातंय म्हणेपर्यंत पुढचं वळणावर दिसायला लागायचं.

"आई, तू गाडी घेणार नाहीयेस," लेक एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली. "तुला गाडी फक्त घ्यायची आहे."

बाईंना राग आला. आणि राग आला म्हणजे बोलणं बरोबर जागी लागलेलं असतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

नवऱ्याचं या बाबतीत काहीच मत नव्हतं. त्याचं लाँड्रीचं दुकान होतं आणि तो जिथे जाईल तिथे सायकलने जायचा. लग्नानंतर लगेचच बाईंनी त्याला गाडी शिकवायला घेतलं होतं. दुसऱ्याच वळणावर दोघांनी एकमेकांशी बोलणं बंद केलं. तिसऱ्या वळणावर तो खाली उतरला आणि चालत घरी आला. "लग्न टिकेल नाहीतर लायसन्स मिळेल," असं म्हणून त्याने विषय संपवला, तो कायमचा.

गाडी शिकवण्याचा परवाना पुढे चालू ठेवायचा तर डोळे तपासून घ्यावे लागत. त्या वर्षी बाई तपासणीला गेल्या. डोळ्यांची डॉक्टर बाईंचीच विद्यार्थिनी होती. शिकताना हिने स्कूलच्या फाटकाचा खांब पाडला होता. नवा खांब अजूनही जरा तिरका होता.

डॉक्टरने बाईंची हनुवटी एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात टेकवायला लावली. आत बारीक दिवे लुकलुकणार, दिसला की बटण दाबायचं. बाईंनी पटापटा दाबलं. आपण पहिल्या आलो, अशा समजुतीने त्या बाहेर येऊन बसल्या. डॉक्टरने कागद समोर धरला. मधे सगळं स्वच्छ होतं. कडेला, ओल्या भिंतीवर यावेत तसे काळे डाग.

"मॅडम, डोळ्यातला दाब वाढलाय. काचबिंदू. बाजूचं दिसणं थोडं कमी झालंय."

"मला तर सगळं दिसतं."

"जे दिसत नाही ते दिसत नाही हेच कळत नाही यात." डॉक्टर क्षणभर थांबली. "गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायचं. रोज थेंब घालायचे, एकही दिवस न चुकता."

"आणि गाडी?"

"आज नियमात बसताय. दिवसा चालवा, अंधारात नको. थोड्या महिन्यांनी पुन्हा तपासू."

"किती वर्षं चालवू शकेन?"

"सांगता येत नाही, मॅडम. काहींचं जन्मभर टिकतं, काहींचं नाही."

"तू अगदी आमच्या जावयासारखी बोलतेस," बाई म्हणाल्या.

डॉक्टर हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "घरी सांगा हं."

"सांगते," असं म्हणून बाई घरी आल्या आणि त्यांनी थेंबांची बाटली फ्रिजच्या दारात जॅमच्या मागे सारून दिली. जॅम घरात कुणाला आवडत नसे. सांगितलं की काय होणार ते त्यांना आधीच दिसत होतं. लेक रडणार, मग रडणं आवरून फोनवर वाचत बसणार. जावई तिला वाचलेलं समजावून सांगणार. इतकी वर्षं बॅटरीवर जे चाललं होतं ते आता डोळ्यांवर चालणार. नवरा गप्प बसणार, आणि ते सगळ्यात अवघड. त्यापेक्षा जॅम बरा.

पण रात्री थेंब घातल्यावर डोळे मिटून पडावं लागायचं, आणि मिटल्या डोळ्यांसमोर ती निळी गाडी यायची. यायची कसली, जायची. पुन्हा पुन्हा, आवाज न करता.

पुढच्या रविवारी बाई म्हणाल्या, "शोरूमला जाऊन येऊ."

"नुसतं बघायला ना?" जावयाने खात्री करून घेतली आणि लगबगीने बूट घातले. नवराही निघाला. शोरूममध्ये फुकट कॉफी मिळते, असं त्याच्या ऐकिवात होतं.

शोरूम इतकं चकचकीत होतं की नवऱ्याने दारातच पाय पुसून घेतले. सेल्समनने अत्तराचा एक अख्खा ढग पुढे पाठवला आणि मागून स्वतः आला. त्याने तिघांकडे पाहून नेमका जावयाचा हात धरला. "सर, कुठलं मॉडेल बघताय?" जावई सांगू लागला, नवऱ्याने कॉफी गाठून संपवली. तोवर बाई दाराशी उभ्या असलेल्या निळ्या गाडीपाशी पोचल्या, दार उघडून आत बसल्या आणि पट्टा लावून मोकळ्या झाल्या. बसल्या कुठे, तर शेजारच्या सीटवर. सवयच ती.

बाईंना शेजारी बसून फेरी मारायची आहे, असा सेल्समनने अर्थ लावला आणि तो स्वतः चालवायला बसला. नवरा आणि जावई मागे. गाडी रस्त्याला लागली. पहिल्या चौकात एक रिकामी हातगाडी पुढे आली आणि बाईंचा पाय धाडकन खाली गेला. खाली नुसती मॅट होती.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. आरसा बघ."

"अं?"

"आरसा. वळायच्या आधी बघतात तो. बघितलास?"

"हो."

"खोटं बोलू नकोस. मान हललीच नाही तुझी."

पुढच्या चौकात पुन्हा मॅटवर धाडकन. त्याच्या पुढच्या चौकापर्यंत सेल्समनचं अत्तर उडून गेलं होतं आणि पाठ ताठ झाली होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर पुस्तकातल्या चित्रासारखे. परतून गाडी लावल्यावर त्याने घाम पुसत विचारलं, "मॅडम, पास?"

"पार्किंगला नापास. उतर. आता मी."

मागून नवरा म्हणाला, "सुटलास, बाबा. मी चालत गेलो होतो."

बाई चालकाच्या जागी बसल्या. सीट पुढे घेतली, मागे घेतली. आरसे एकेक करून लावले. ते लावताना मान नेहमीपेक्षा जास्त वळवावी लागतेय, हे त्यांना प्रथमच जाणवलं. मग गाडी निघाली, एखादी लाँच घाट सोडून निघावी तशी. आत इतकी शांतता, की नवऱ्याच्या पोटातली कॉफी ऐकू यावी.

"मॅडम, दाबा की जरा," सेल्समन म्हणाला.

"दाबलाय."

दाबलेला नव्हता, नुसता टेकवलेला होता. डावा पाय जन्मभर ब्रेकवर राबलेला, उजवा नुसता सोबतीला आलेला. त्याला काय करायचं तेच उमगेना. पुढे सायकलवाला आला. बाईंनी पाय उचलला मात्र, गाडी आपसूक मंदावली. ब्रेकला स्पर्शही न करता.

"हे खास आहे," सेल्समनच्या आवाजात पुन्हा जीव आला. "पाय उचलला की गाडी स्वतःच वेग कमी करते आणि ती वीज परत बॅटरीत जाते. ब्रेक लावायची वेळच फारशी येत नाही."

नवऱ्याने पुढे वाकून बाईंच्या डाव्या पायाकडे पाहिलं.

"म्हणजे हिची नोकरी गेली," नवरा म्हणाला.

बाई इतक्या हसल्या की त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली.

शोरूममध्ये परतल्यावर सेल्समनने तिघांना टेबलाशी बसवलं आणि स्वतः उभाच राहिला. बाईंसमोर बसायचा त्याला धीर होईना. थोडी चुळबुळ करून तो हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्हाला खोटं सांगायला जीभ वळत नाही. सहाएक महिन्यांत याचं नवं मॉडेल येतंय. जास्त लांब जाणारं, जास्त जोरात जाणारं. थांबलात तर तुमचाच फायदा."

"मी काय म्हणत होतो!" जावयाने टेबलावर हात आपटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुणी साक्षीदार मिळाला होता. "थांबायचं, आई. आत्ता घेणं म्हणजे शुद्ध..."

"पुढचं मॉडेल याहून चांगलं येणार, मान्य," बाई म्हणाल्या. "पण माझं पुढचं मॉडेल याहून वाईट येणार आहे."

"म्हणजे?" हे नवऱ्याने विचारलं.

बाईंनी कॉफीचा कप बाजूला ठेवला. "डोळे. बाजूचं दिसणं कमी होतंय. आज चालतंय, थेंबांनी टिकलं तर टिकेलही. पण नाही टिकलं तर परत यायचं नाही. फ्रिजमध्ये जॅमच्या मागे बाटली आहे."

जावयाचा चेहरा पडला. मग भलं करण्याच्या ओढीने त्याने तोंड उघडलं, "आई, यावर आता नवीन उपचार येतायत, पुढच्या वर्षी..." आणि बोलता बोलता स्वतःलाच ते ऐकू आल्यामुळे थांबला.

नवरा टेबलाच्या काचेवर पडलेलं कॉफीचा गोल ठसा बोटाने पुसत होता. डाग दिसला की त्याला राहवत नसे. पुसून झाल्यावर त्याने विचारलं, "चालवण्याबद्दल काय म्हणाली डॉक्टर?"

"दिवसा चालवा म्हणाली."

"मग आत्ता दिवसच आहे ना?" आणि तो सेल्समनकडे वळला. "दाराशी उभी आहे तीच देता का? की तिचंही काही बदलायचं राहिलंय?"

कागदपत्रांत आठवडा गेला. गाडी आणायला दोघंच गेले, ऊन चांगलं वर आल्यावर. बाई चालवत होत्या. नवरा शेजारी, मांडीवर दोन्ही हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखा. शोरूमचं फाटक ओलांडताच त्याने काम सुरू केलं.

"डावीकडे सायकल."

"दिसली."

"डावीकडे एक बाई. पोराला रागावतेय. पोरगं नाक पुसतंय."

"अहो, फक्त गाड्या सांगा."

"डावीकडे केशकर्तनालय. बंद आहे."

"मी आंधळी नाही झाले अजून!"

"होऊ नयेस म्हणून तर सांगतोय. डावीकडे कुत्रा."

"ती कचऱ्याची पिशवी आहे."

"काळं आहे काहीतरी."

"काळी पिशवी आहे. तपासायला माझे डोळे नेले होते की तुमचे?"

घरं मागे पडली. रस्ता सरळ झाला, रिकामा, दोन्हीकडे गवत आणि दूर एक वेगमर्यादेची पाटी. ती मर्यादा ओलांडायचा बाईंचा विचार नव्हता. आयुष्यभर जे शिकवलं ते एका गाडीपायी मोडायची त्यांची तयारी नव्हती. पण त्या वेगाला पोचायचं किती लवकर, याबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं. बाईंनी मान पूर्ण वळवून आधी एक बाजू पाहिली, मग दुसरी. मागे कुणी नाही. पुढे कुणी नाही.

"डावीकडे गवत," नवरा निष्ठेने सांगत होता. "उजवीकडेही गवतच. आणि पुढे..."

"पुढचं मला दिसतंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी उजवा पाय दाबला.

त्यानंतर बराच वेळ नवऱ्याला कुठलीच बाजू सांगता आली नाही.