नवरदेवाची निळी सुरी

माझ्या लग्नात सगळ्यांत जास्त घासूनपुसून काढलेली वस्तू म्हणजे नवरदेव नव्हे, नवरदेवाच्या हातातली सुरी.

आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात सुरी देतात. टोकाला लिंबू खोचतात आणि लग्न लागेपर्यंत ती अंगावेगळी करू देत नाहीत. जेवताना डाव्या हातात, झोपताना उशाशी. (आणि माणूस जिथं एकटाच जातो तिथंही ती बरोबर असते. जास्त विचारू नका.) नवरदेवाला दृष्ट लागू नये म्हणून ही तजवीज. माझ्याकडे पाहून कुणाला दृष्ट लावावीशी वाटली असती असं नाही, पण रीत ती रीत. बहुतेक घरांत शेजारून मागून आणलेल्या सुरीवर भागतं. आमचंही भागलं असतं, पण मध्ये साखरपुडा आला.

माझे वडील, नाना, धुळ्याच्या एका जिनात फिटर होते. सरकीतून कापूस वेगळा करणारी ती अवाढव्य यंत्रं बिघडली की नानांना बोलावणं यायचं. नाना यंत्राला कान लावायचे, मग दोन शिव्या द्यायचे. एक यंत्राला, एक साहेबाला. दुपारपर्यंत यंत्र चालू. पण माझं लग्न ठरलं त्या सुमारास त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, आणि जिनवाल्यांनी त्यांना फिटरकामावरून काढून फाटकावर बसवलं होतं. येणाऱ्या गाड्या मोजायला. नाना घरी कुणाशी त्याबद्दल बोलले नाहीत. फक्त जेवण कमी झालं, आणि नानांचं जेवण कमी होणं ही आमच्या घरात मोठी बातमी होती.

मी स्वतः एका मारवाडी शेठच्या कापडदुकानात होतो. लुगडी उलगडायची, गिऱ्हाइकापुढं टाकायची, रंगांची नावं घ्यायची. हत्यार म्हणून मी आयुष्यात कात्री आणि गज एवढंच धरलेलं. फिटरच्या पोटी हे काय निपजलं, असा चेहरा नाना कधीकधी करायचे.

साखरपुडा भुसावळला झाला. मुलीचे वडील, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये फिटर. पानसुपारीच्या वेळी त्यांनी स्वतः घडवलेला अडकित्ता काढला. त्याच्या पात्यावर मोराच्या मानेसारखी निळी झाक होती. सगळी पंगत अडकित्त्याकडे बघायला लागली, माझ्याकडे कुणी बघेना. भाऊ म्हणाले, नुसत्या आचेवर आणलाय रंग, रंगरोगण काही नाही. नानांनी तो हातात घेतला, डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. त्यांना काही दिसत नव्हतं हे मला कळलं. भाऊंनाही कळलं असावं, कारण त्यांनी हलकेच विचारलं, की नाना, अजून काम करता का?

नाना म्हणाले, "मना आंडोर लगीनमा निळीच सुरी लई यी. मना हातनी."

आंडोर म्हणजे मुलगा, म्हणजे मी, आणि मी लग्नात नानांच्या हातची निळी सुरी घेऊन येणार. झालं. भर पंगतीत शब्द गेला. परतीच्या गाडीत आईनं विचारलं, अहो, तुम्हाला दिसतं का तरी? नाना खिडकीबाहेर बघत राहिले, तिथंही त्यांना काही दिसत नसणार.

पण काय सांगू, सुरी घडवली ती पाहण्यासारखी. जुनी झिजलेली कानस भट्टीत लाल करून, ठोकून, घासून. डोळ्यांनी नव्हे, सगळं अंगठ्यानं. धारेवर अंगठा फिरवायचे, "इथं जाड शे" म्हणायचे, आणि तिथं खरंच जाड असायचं. मी तासन्‌तास बघत बसायचो. माझ्या बापाचा हात एवढा शहाणा आहे हे मला त्या वयात कळलं, याची आजही जरा लाज वाटते आणि पुष्कळ अभिमान वाटतो. पातं असं चकाकलं की त्यात बघून मी भांग पाडला.

आता रंग. पद्धत साधी. पांझरा नदीची बारीक वाळू कढईत तापवायची, फुटाणेवाला तापवतो तशी. तिच्यावर पातं ठेवायचं. पोलाद तापत जातं तसा रंग बदलतो. आधी पिवळट, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. निळा आला की क्षणभरही न थांबता पातं तेलात बुडवायचं. थांबलं तर निळ्याची राखी होते, आणि राखी झाली की काम फुकट. हे सगळं नानांना पाठ होतं. एकच गोष्ट त्यांच्याजवळ नव्हती, रंग बघणारे डोळे. ते माझे घ्यायचे ठरले. मला आभाळ ठेंगणं झालं. रंग म्हणजे माझा धंदा!

पहिल्या दिवशी वाळू तापली, पातं ठेवलं, नाना सांडशी घेऊन बसले. कसा शे, त्यांनी विचारलं. मी दुकानातल्या थाटात म्हणालो, मोतिया. नाना म्हणाले, हं. मग बदामी. हं. मग मी म्हणालो, अंजिरी. नानांनी जन्मात अंजीर पाहिलेलं नव्हतं. ते विचार करतात तोवर रंग आमसुली, मग मोरपंखी झाला, आणि मी तो इतक्या आनंदानं बघत बसलो की सांगायचंच राहिलं. सांगितलं तेव्हा तो राखी होता.

नाना एवढंच म्हणाले, "लुगडं नही विकनं आपले."

बिघडलेला रंग काढणं मात्र सोपं. अर्धं लिंबू पात्यावर चोळलं की निळं, काळं, राखी, सगळं उतरून पातं पुन्हा लख्ख. हे काम माझ्याकडे होतं आणि मी त्यात तरबेज झालो. लिंबू रंग खातं, हे मला धुळ्यात माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. हे लक्षात ठेवा, मी ठेवलं नाही.

दुसऱ्या खेपेला ठरलं की रंग घरातल्या वस्तूंवरून सांगायचे. गूळ म्हणजे तपकिरी, वांगं म्हणजे जांभळं. गुळापर्यंत सुखरूप आलो. मग मी म्हणालो, वांगं. नानांनी विचारलं, "कोनतं वांगं? भरीतनं का काटानं?" आता आमच्याकडे भरताचं वांगं हिरवं असतं, हे परगावच्या माणसाला पटत नाही, पण असतं. पोलाद हिरवं कसं होईल, असं मी म्हणालो. मंग काटानं म्हन ना, असं ते म्हणाले. हा वाद मिटेपर्यंत पुन्हा राख.

तिसऱ्या खेपेला नुसतं 'काढा' म्हणायचं ठरलं, आणि जमलं! मोरपंखी रंग, वरपासून खालपर्यंत. फक्त मुठीजवळ एक वाटोळा पांढुरका डाग, सुपारीएवढा. नाना म्हणाले, तुझ्या बोटाचा घाम लागला. पात्याला किंचित तेलकटपणा असला तरी तिथं रंग धरत नाही. मी लिंबू चोळलं, राखेनं धुतलं, फडक्यानं धरून ठेवलं. पुन्हा डाग, त्याच जागी. वाळू बदलली, कोळसा बदलला. डाग जागचा हलेना, उलट जरा मोठाच झाला. मी तर वाळूच्या कढईपुढं हात जोडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. नाना पुन्हा कमी जेवायला लागले. हळद परवावर आली होती.

आणि मग मला तो डाग तयार होताना दिसला. मी कोळसे आणायला मागं गेलो होतो, परत येतो तर आई पाटावरच्या सुरीपुढं बसलेली. तिनं पात्याला तेलात कालवलेलं हळदकुंकू लावलं, मग डबीतून काजळ घेऊन वर ठसठशीत तीट लावली, तान्ह्या बाळाला लावतात तशी, आणि पदरानं अलगद पुसून घेतली, कुणाला कळू नये म्हणून. पुसल्यावर उरतं ते तेल!

मी नानांना हाक मारली. आई काही घाबरली नाही. तिचं म्हणणं, इतकं सुंदर पातं, शेजारणी येऊन बघून गेल्या, डाग पडतोय म्हणजे दृष्टच लागली, म्हणून तर दर खेपेला तीट मोठी करत गेले.

"नवरदेवनी सुरी अशी कोरडी आगमा घालू का?" तिनं विचारलं. "तुम्ही रंग उना का तिले तेलमाच बुडावतस. मी आधी बोटभर लावं ते काय व्हयनं?"

नाना फिटर, मी रंगांचा जाणकार, पण या वादात आईच जिंकली. शेवटी नानांनी तोड काढली. तीट कढईला लाव. आईनं कढईला हळदकुंकू लावलं, काजळ लावलं, वर एक फूल ठेवलं, आणि त्या खेपेला पातं असं निळं उतरलं की माझं 'काढा' गल्लीभर ऐकू गेलं. नानांनी ते उन्हात धरलं. काही दिसतंय का, मी विचारलं. ते म्हणाले, निळं काहीतरी शे खरं. त्या दिवशी नाना पोटभर जेवले.

हळद लागली. आईनं सुरी माझ्या हातात दिली आणि टोकाला लिंबू खोचलं. चांगलं रसरशीत. आम्ही तिघंही कौतुकानं बघत होतो. नाना, ज्यांना पोलादाची नस ठाऊक. मी, ज्यानं त्या पात्यावर टोपलीभर लिंबं चोळली. एकालाही काही वाटलं नाही. लिंबू रंग काढायचं ते वेगळं आणि लिंबू सुरीला खोचायचं ते वेगळं, अशी आमच्या डोक्यात दोन लिंबं होती.

वैशाखातलं ऊन, धुळ्याहून चाळीसगाव, तिथून गाडी बदलून भुसावळ. मी सुरी उभी धरून बसलेलो, डबा हादरतोय, टोक लिंबात फिरतंय. लिंबू सुकलं की मी ताजं खोचायचो. रस पात्यावरून ओघळून मनगटापर्यंत यायचा, तो मी शेल्यानं टिपायचो आणि मोठं शुभ चाललंय असं समजायचो.

भुसावळला जानवशावर भाऊ सामोरे आले. रामराम झाला, आणि ते म्हणाले, बघू ती सुरी. नाना ताठ उभे राहिले. भाऊंनी लिंबू काढलं. टोक पांढरं, त्याखाली तांबूस गंज, आणि निळ्यावरून खाली उतरलेले पांढरे ओघळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नानांच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि सावकाश म्हणाले, छान आहे, अगदी निळी आहे.

नानांनी हात पुढं केला आणि पात्यावरून अंगठा फिरवला. टोकाशी अंगठा थांबला.

"भाऊ, खोटं नका बोलू," ते म्हणाले. "लिंबूनी खाल्लं हाई."

त्यांचा चेहरा फाटकावर बसवलं त्या दिवशी जसा झाला होता तसा झाला. मला वाटलं, सुरी टाकावी आणि पळून जावं. भाऊंनी मात्र टोक स्वतःच्या मुठीत झाकलं आणि सुरीच्या मुठीजवळचा, ओघळांच्या मधला रस न लागलेला भाग उजेडाला धरला. बराच वेळ बघितला.

"नाना," ते म्हणाले, "असा रंग माझ्या अडकित्त्यालाही नाही. हात शाबूत आहे तुमचा. डोळे काय, उसने मिळतात. चला, वाळू आहे माझ्याकडे."

ते दोघं निघाले आणि उसने डोळेही निघाले, मुंडावळ्यांसकट. मांडवामागं कढई चढली. मी तेच लिंबू सबंध पात्यावर चोळलं, गंज आणि उरलेला रंग काढून पातं राखेनं लख्ख धुतलं. आईनं तिला तीट लावली. सुरीच्या मुठीला ओलं फडकं गुंडाळलं, नानांनी सांडशी धरली, भाऊ वारा घालायला बसले, आणि मी कढईवर वाकून रंग सांगायला लागलो. भाऊंचा वारा म्हणजे इंजिनशेडचा वारा. राख आणि धूर थेट माझ्या तोंडावर. मला डोळे मिटून चालणार नव्हतं, सगळ्या भुसावळात तेवढेच दोन डोळे कामाचे, अशी माझी त्या वेळी समजूत होती. तिकडं गोरज मुहूर्त जवळ आला, भटजी ओरडायला लागले, नवरदेव कुठं गेला म्हणून वऱ्हाडी स्टेशनपर्यंत बघून आले. मी म्हणत होतो, गूळ, गूळ, काट्याचं वांगं, काढा!

निळी. टोकापासून मुठीपर्यंत निळी. भाऊंनी ती सगळ्या वऱ्हाडात फिरवली आणि प्रत्येकाला सांगितलं, की माझ्या व्याह्यांच्या हातची आहे. नाना मागं मागं चालत होते आणि हसू दाबायचा प्रयत्न करत होते, तो काही त्यांना जमला नाही. भटजींनी लिंबाचा हट्ट धरला तेव्हा आईनंच लिंबू सुताच्या दोऱ्यानं लाकडी मुठीला बांधून टाकलं. इतकी सोपी गोष्ट धुळ्यात का सुचली नाही, असं मी विचारणार होतो, तेवढ्यात मला पाटावर ओढून नेलं.

मंगलाष्टकं झाली. अंतरपाट खाली आला. समोर इंदू, माझी बायको, फिटरची मुलगी, लहानपणापासून वाळूची कढई बघत वाढलेली. तिनं सुरीकडे पाहिलं, मान डोलावली. मग राखेनं माखून पार राखी झालेल्या माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि हार घालता घालता शेजारच्या करवलीला मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली,

"सुरी वेळेवर काढली गं. यांना काढायला उशीर झाला."