कवळ्या बोकडाची नळी

सदर बाजारातल्या त्या मटणवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सत्तरच्या दशकात नागपुरात डॉक्टरकी शिकत होतो, दर रविवारी त्याच्याकडे जायचो. सुरी पायाच्या अंगठ्यात धरून तो कापत राही. बोलतानाही हात थांबत नसे.

तोंडी परीक्षेत रक्तपेशी कुठे तयार होतात विचारलं, मी घाबरून "हृदयात" म्हणालो आणि नापास झालो. रविवारी ते ऐकून मटणवाला कापता कापताच खदाखदा हसला.

"दिल तं पंप आहे, डाक्टर! रक्त हाडात बनते." त्यानं पायाची नळी फोडून दाखवली. "लाल आहे ना? म्हणजे बोकड कवळा. म्हातारा झाला का नळीत पिवळी चरबी. मंग रक्त फासळ्यात अन् मणक्यात बनते. माणसाचंही तसंच."

पुढच्या खेपेला परीक्षकांना हेच शुद्ध भाषेत सांगितलं, तांबड्या-पांढऱ्या दोन्ही पेशी तिथेच बनतात हेही जोडलं आणि पास झालो.

त्या रविवारी घरी मटण धुताना सहज नळीत डोकावलो. पिवळीधमक! "एकदम कवळा" म्हणून दिलेलं मटण. तीच नळी घेऊन तणतणत दुकानात गेलो.

पहिल्यांदाच त्याचे हात थांबले.

"दोन वर्सं म्हातारा बोकड खाऊन राहिले, अन् आज समजलं? आता झाले तुम्ही डाक्टर."